भागीतला फोन

"तुझ्या घरी फोन आहे ना गं?" तोक्तोसुनने विचारलं, आणि कुलीपा त्या टॅक्सीमालकाला 'अके', म्हणजे दादा, म्हणत पापणीही न लववता उत्तरली, "म्हणजे काय अके! आहे की."

फोन नव्हता. फोनची वायर तिच्या मजल्यापर्यंत आली होती खरी, पण ती समोरच्या दारात शिरून तिथेच थांबली होती. मात्र त्या क्षणी खरं बोलून काही हाती लागणार नव्हतं. बालिक्ची स्टेशनासमोरच्या ज्या पत्र्याच्या डब्यात टॅक्सीचं ऑफिस चालायचं, तो डबा जागामालकाने सामसा, म्हणजे भट्टीतले समोसे, भाजणाऱ्या एका माणसाला देऊन टाकला होता, आणि तोक्तोसुनच्या सगळ्या खटारा गाड्यांचं ऑफिस रस्त्यावर आलं होतं. आता घरी बसून फोन घ्यायचा आणि वायरलेसवर गाड्यांना पत्ता सांगायचा, असं ठरलं. ज्याच्या घरी फोन, त्याची नोकरी. तोक्तोसुनच्या मेहुणीकडे फोन होता, पण तिला डावं-उजवं कळत नसे. तिने एकदा वरातीची गाडी दफनभूमीत पाठवली होती.

कुलीपा पूर्वी रेल्वे स्टेशनवर घोषणा करायची. गाड्या कमी झाल्या तशी घोषणांची गरज संपली, आणि तिलाही घरी बसवलं. आवाज असा सायीचा, की गाडी तीन तास उशिरा येणार हे ऐकूनही लोक खूश व्हायचे. जीभ मात्र निराळीच होती. नवरा रशियात पैसे कमवायला गेला होता आणि तिकडे त्याने दुसरी बायको कमवली, हे ती स्वतःच हसत सांगायची, आणि पुढे म्हणायची, "त्या बाईला मी मनापासून दुवा देते. बिचारीला कोणीतरी द्यायलाच हवा."

दुसऱ्या दिवशी ती टेलिफोन कचेरीत जाऊन उभी राहिली. खिडकीतली बाई सूर्यफुलाच्या बिया सोलत होती.

"तुमच्या बिल्डिंगला नवी लाईन नाही," बाई म्हणाली. "केबल जुन्या सोव्हिएत राज्यातली. अर्ध्या तारा मेल्यात, अर्ध्या मरायला टेकल्यात."

"मग लाईन मिळणार कधी?"

"कोणीतरी मेलं की."

"कोण मरणार आहे?"

"ते मला काय विचारता? माणसं तुमच्या बिल्डिंगमधली." बाईने टरफल थुंकलं. मग तिला थोडी दया आली असावी. "समोरच्यांकडे आहे ना? त्यांच्याच लाईनवर तुमचा फोन जोडून देऊ. नंबर एक, फोन दोन. इकडे वाजला की तिकडेही वाजणार. पण त्या बाईंनी इथे येऊन स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं पाहिजे."

इथेच सगळं अडलं. कारण समोर राहायची साकिश-आपा, आणि साकिश-आपाच्या तोंडून कुलीपासाठी सहा वर्षांत 'हो' काय, 'हं'सुद्धा निघालं नव्हतं.

साकिश-आपा एकाहत्तर वर्षांची. नवरा मासळी कारखान्याचा मोठा साहेब होता. तो गेला, कारखाना गेला, पण त्या वैभवातला फोन मात्र राहिला. पूर्ण जिन्यात तो एकच फोन. ज्यांची पोरं परदेशी, त्यांनी आपाच्या दिवाणखान्यात चपला काढून, खुर्चीच्या काठावर बसून बोलायचं. आपा त्या वेळी खिडकीबाहेर बघायची आणि एकही शब्द सोडायची नाही.

भांडण घोड्याच्या सॉसेजवरून झालं होतं. एका हिवाळ्यात कुलीपाने बाल्कनीत टांगलेली लांबलचक कझी रातोरात गायब झाली. कुलीपाने आधी आपाच्या मांजरीवर आळ घेतला, मग थेट आपावर. आपा म्हणाली, माझ्या दातांनी कझी चावली जाते का? कुलीपा म्हणाली, तुमचा चेहरा म्हणजे उकडलेल्या मेंढ्याचं मुंडकं, असं मुंडकं की मानाच्या पाहुण्यापुढे ठेवलं तर पाहुणा उठून घरी जाईल. पुढे वसंतात बर्फ वितळल्यावर कझी खालच्या झाडाच्या फांदीला लटकलेली सापडली. बालिक्चीचा वारा तो. त्याने लोकांची छपरं नेलीत, तिथे सॉसेज ते काय! पण तोवर बोललेलं बोलून झालं होतं, आणि परत घ्यायला दोघींपैकी कोणीच तयार नव्हती.

कुलीपाने पिठाचे गरम, फुगीर बोर्सोक तळले, वर रुमाल झाकला आणि समोरच्या दाराची बेल वाजवली.

आपाने दार उघडलं. थाळीकडे पाहिलं, मग कुलीपाकडे.

"कोण मेलं?"

"कोणी नाही, आपा. मेलं असतं तर मला तुमच्याकडे यावंच लागलं नसतं." आणि तिने सगळं सांगितलं.

आपाने शांतपणे ऐकून घेतलं. मग दार सताड उघडून भिंतीला टेकवलं, म्हणजे जिन्यात आवाज नीट घुमावा. वर कुठेतरी एक दार किलकिलं झालं, खाली दुसरं.

"आधी माफी."

"आपा, मी तुम्हाला मेंढ्याचं मुंडकं म्हणाले होते. चुकलं माझं."

"पुढेही काहीतरी म्हणाली होतीस."

"पाहुणा उठून जाईल म्हणाले होते. तेही चुकलं. पाहुणा बसेल."

"नुसता बसेल?"

"हाडं चोखून खाईल, आपा."

वरच्या मजल्यावर कोणीतरी तोंडात रुमाल कोंबून हसलं. आपाचे ओठ गच्च मिटले, पण गाल हलला. तिने थाळी घेतली, एक बोर्सोक तोंडात टाकला आणि चावता चावता म्हणाली, "मीठ कमी आहे. उद्या कचेरीत जाऊ. पण एक सांगून ठेवते. संध्याकाळी सात ते नऊ फोन माझा. मी नारीन गावच्या माझ्या बहिणीशी बोलते. त्या वेळात तुझ्या टॅक्स्या खड्ड्यात गेल्या तरी चालतील."

कुलीपा हो म्हणाली. त्या क्षणी आपाने सात ते सात म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

वायर ओढायला गेना आला. हा कचेरीचा लाईनमन, आणि त्याच्या अंगाला सकाळीच वोडकाचा वास. दारं समोरासमोर असली तरी दोन घरांची मागची भिंत एकच होती; तिला त्याने आरपार भोक पाडलं, आणि भलत्या ठिकाणी पाडलं म्हणून दुसरं पाडलं. पहिल्या भोकातून आता आपाच्या स्वयंपाकघरातला कांदा कुलीपाच्या झोपायच्या खोलीत वास मारू लागला. "हवा खेळती राहील," गेना म्हणाला आणि निघून गेला. बाल्कनीत वायरलेसची अँटेना उभी राहिली, टेबलावर माईक आला, आणि जुना लाल फोन घेऊन कुलीपा राणीसारखी बसली.

पहिल्याच दिवशी कळलं की हा संसार एका नवऱ्याच्या दोन बायकांसारखा आहे. फोन वाजला की दोन्ही घरांत वाजायचा, आणि आपा बसल्या जागेवरून झडप घालायची.

"टॅक्सी!" कुलीपा सायीच्या आवाजात म्हणायची.

"कोण बोलतंय?" त्याच क्षणी आपा विचारायची.

"अहो, गाडी पाहिजे... झेलेझ्नोदोरोझ्नाया रस्त्यावरून बाजारात."

"बाजारात आत्ता काय आहे? बटाटे संपले असतील. सकाळी जायचं."

"आपा, फोन ठेवा!"

"ठेवते. तू कोणाची सून गं? आवाज ओळखीचा वाटतो."

लोक आधी बावरले, मग त्यांना चटकच लागली. एका बाईने गाडी मागवायच्या निमित्ताने आपाकडून जावयाचं काय करावं याचा सल्ला घेतला आणि गाडी न मागवताच फोन ठेवला. एक गृहस्थ दर गुरुवारी तलावाकाठच्या एका पत्त्यावर जायचे. आपाने त्यांना एवढंच विचारलं, "तुझी बायको तर वरच्या वस्तीत राहते ना रे?" ते गृहस्थ त्यानंतर पायी जाऊ लागले. कुलीपाने कपाळ बडवून घेतलं. भिंतीच्या भोकाला तोंड लावून ती ओरडली, "आपा, गिऱ्हाईक पळवू नका!" पलीकडून उत्तर आलं, "मी पळवत नाही, सुधारते!"

तेवढं चाललं असतं. पण सात वाजले की धंदा ठप्प. बिश्केकच्या बसेस आणि मिनिबस त्याच वेळी येतात, सामान घेऊन माणसं उतरतात, वारा सुटलेला असतो, सगळ्यांना गाडी हवी असते, आणि तोक्तोसुनच्या टॅक्सीचा नंबर लावला की नुसतं टूं टूं टूं. गाड्या स्टेशनाबाहेर ओळीने उभ्या, ड्रायव्हर आत बसून बिया खाताहेत.

"कुलीपा," एके दिवशी वायरलेसवर तोक्तोसुनचा आवाज आला. तो मालक असूनही स्वतःची जुनी ऑडी चालवायचा. "काल संध्याकाळी मी स्वतः स्टेशनवरून फोन लावला. नऊ वाजेपर्यंत लाईन बिझी. कोण बोलतं एवढं?"

"बहीण आहे त्यांची. नारीनला."

"बहिणीशी रोज दोन तास? माझी बहीण मला वर्षातून एकदा फोन करते, तोही रागावायला. हे बघ, महिनाअखेरपर्यंत बंदोबस्त कर. नाहीतर मेहुणी."

त्या संध्याकाळी कुलीपाचं डोकं तापलेलं होतं. सातला फोन वाजला. सातचा फोन आपा पहिल्याच घंटीला उचलायची, हे कुलीपाच्या ध्यानात आलं होतं. तिने थोडा वेळ जाऊ दिला, मग बहिणीसकट आपाला चार शब्द सुनवायच्या तयारीने रिसीव्हर उचलला. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

नारीनच्या बहिणीचा आवाज पिपातून यावा तसा जाड होता.

"...वारा पश्चिमेचा आहे," बहीण म्हणत होती. "पाणी काळं झालंय. अशा दिवशी आम्ही कोळशाने भरलेला पडाव बोटीमागे ओढून पलीकडच्या किनाऱ्याला न्यायचो. मी सुकाणूवर असायचो, आणि काठावर तू छत्री घेऊन उभी असायचीस. आठवतं?"

"छत्री उलटी झाली होती," आपा म्हणाली. आणि ती हसली. सहा वर्षांत भिंतीपलीकडून कुलीपाने आपाचं खोकणं ऐकलं होतं, शिव्या ऐकल्या होत्या, नमाज ऐकला होता. हे असलं हसणं कधी ऐकलं नव्हतं. एखादी शाळकरी पोर वर्गात मागच्या बाकावर हसते तसं.

कुलीपाने रिसीव्हर अलगद ठेवला. अर्थात लगेच नाही. नऊ वाजता ठेवला.

पुढचे काही दिवस ती स्वतःला सांगत होती की हे कामाचंच ऐकणं आहे. बेइशे कप्तान तो. तलावात पूर्वी चालणाऱ्या मालवाहू बोटींपैकी एकीचा कप्तान. आता बोटी बंदरात गंजून उभ्या होत्या, आणि कप्तान त्यांच्यावर पहारेकरी म्हणून होता. पहाऱ्याच्या खोलीत फोन होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघं काय बोलायचे? सूप काय केलं, गुडघा कसा आहे, कोणता बगळा आला. आणि दर संध्याकाळी फोन ठेवण्याआधी कप्तान म्हणायचा, "साकिश, मग काय ठरवलंस?" आणि आपा म्हणायची, "या वयात! लाज नाही वाटत? मेलिस काय म्हणेल?"

मेलिस म्हणजे आपाचा एकुलता एक मुलगा. बापाने मोठ्या हौसेने मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन यांच्या आद्याक्षरांवरून नाव ठेवलं होतं. आता तो मशिदीत पहिल्या रांगेत बसायचा, आणि नाव कशावरून आलं असं कोणी विचारलं की अरबी आहे म्हणायचा.

शनिवारी कुलीपाने आपाला चहाला बोलावलं आणि साखर ढवळत विचारलं, "बहिणीला सर्दी झालीय का हो? आवाज फार बसलाय."

आपाने चहाच्या वाटीवरून मान वर केली.

"ऐकलंस?"

"सगळ्या बालिक्चीच्या टॅक्स्या त्या फोनवर चालतात, आपा. मी ऐकणार नाही तर कोण?"

आपाचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. कुलीपाला वाटलं, आता रडेल, आणि मग मलाही काहीतरी चांगलं बोलावं लागेल, ते काही आपल्याला जमत नाही. पण आपा म्हणाली, "आता काय, गावभर करशील?"

"मी? मला काय पडलंय? मला सात ते नऊ लाईन पाहिजे. माझी नोकरी चाललीय." कुलीपा पुढे झुकली. "तुम्ही दोघं फोनवर का बोलता? तो तिकडे, तुम्ही इकडे, म्हणून. तो इकडे आला तर फोन कशाला लागेल? सोपं आहे. लग्न करा."

"तू माझं लग्न लावणार, टॅक्सीसाठी?"

"लोक याहून फालतू कारणांसाठी लावतात. माझं तर सासऱ्याला गाय राखायला कोणी हवं होतं म्हणून लागलं."

आपाने वाटी खाली ठेवली आणि "निर्लज्ज!" म्हणून निघून गेली. पण बोर्सोक घेऊन गेली.

त्या संध्याकाळी कप्तानाने नेहमीप्रमाणे विचारलं, "साकिश, मग काय ठरवलंस?" आपा नेहमीप्रमाणे म्हणाली, "या वयात..." आणि लाईनवर तिसरा, सायीचा आवाज आला.

"कप्तान-अके, नमस्कार. टॅक्सीतून कुलीपा बोलतेय. लग्नासाठी गाडी पाठवू का? स्टेशनाजवळ सगळ्या मोकळ्याच आहेत, तुमच्याच कृपेने."

बंदरात कप्तान खाकरला. "तुमच्याकडे मोठी गाडी आहे का?"

"ऑडी आहे. दार एका बाजूचं उघडत नाही, पण आहे."

"कुलीपा, फोन ठेव!" आपा किंचाळली. दोन्हीकडून ऐकू आलं, फोनमधूनही आणि भोकातूनही.

"ठेवते. पण तुम्ही आधी हो म्हणा."

आणि आपा, बहुधा नुसतीच तिला गप्प करायला म्हणून, म्हणाली, "हो! हो! हो! झालं समाधान?"

"ऐकलंत अके? तीनदा म्हणाल्या. मौलवीपुढेही तेवढंच लागतं."

मेलिसला कोणी सांगितलं, ते कळलं नाही. बिल्डिंगला भोकं फार. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो दाढी फडकवत जिना चढून आला आणि त्याचा आवाज तिन्ही मजल्यांवर गेला. कुलीपा माईक बंद करून समोरच्या घरात शिरली. बोलावलं नव्हतं, पण लाईन तिचीही होतीच की.

आपा सोफ्यावर ताठ बसली होती. मेलिस फोनची वायर मुठीत धरून उभा होता.

"हे मी तोडून टाकतो," तो म्हणत होता. "परक्या पुरुषाशी रोज रात्री बोलणं! लोक मला मशिदीत काय म्हणतील?"

"वायर सोड रे मेलिस," कुलीपा म्हणाली. "त्यावर सात-आठ ड्रायव्हरांची पोटं लटकलीत. आणि तू शिकला-सवरलेला आहेस, मला एक सांग. परक्या पुरुषाशी फोनवर बोलणं वाईट?"

"वाईट!"

"आणि त्याच्याशी निकाह लावणं?"

मेलिसने दाढी चाचपली.

"सांग ना. विधवेने निकाह लावू नये असं लिहिलंय का कुठे? तुझ्या मौलवीला विचारू? इथूनच फोन लावते. नंबर आहे माझ्याकडे, ते आमचं रोजचं गिऱ्हाईक."

"तुम्ही मध्ये पडू नका, कुलीपा-एजे! हा आमच्या घरचा प्रश्न आहे. वडिलांच्या आत्म्याला काय वाटेल?"

तेव्हा आपा उठली. ती ठेंगणी होती, मेलिसच्या छातीला लागायची, पण तो एक पाऊल मागे सरला.

"तुझ्या वडिलांच्या आत्म्याला?" ती म्हणाली. "त्यांनी तुझं नाव तीन दाढीवाले आणि एक मिशीवाला यांच्यावरून ठेवलं, तेव्हा मला विचारलं नाही. मला तुझं नाव वेगळंच ठेवायचं होतं. कारखान्यात कोणाला ठेवायचं, घरात काय शिजवायचं, कुठे राहायचं, मला कधीच कोणी विचारलं नाही. बेइशे रोज विचारतो. रोज, मेलिस. 'साकिश, काय ठरवलंस?' एवढंच ऐकायला मी सातची वाट बघते. तू शेवटचं मला काय विचारलं होतंस? सांग."

मेलिसने खूप आठवून पाहिलं. कुलीपाला दिसत होतं, तो खरंच आठवत होता.

"गादीखाली फ्लॅटचे कागद आहेत का, असं विचारलं होतं," शेवटी तो हळूच म्हणाला. मनाने तो वाईट नव्हता.

वायर त्याच्या मुठीतून सुटली. तो बसला. आपाने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि थोड्या वेळाने त्याने, भिंतीकडे बघत, विचारलं, "माझं नाव काय ठेवणार होतीस?"

"ते आता कशाला? दाढी पांढरी व्हायला आली तुझी," आपा म्हणाली, पण तिने त्याच्या वाटीत साय टाकली.

निकाह शुक्रवारी झाला. मौलवीला कुबातने, तोक्तोसुनच्या सगळ्यात कमी शिव्या देणाऱ्या ड्रायव्हरने, आणलं. कप्तानाला आणायला ऑडी गेली, आणि मागे सगळ्या खटारा गाड्या हॉर्न वाजवत. कप्तान धिप्पाड, मिशा चुन्यासारख्या पांढऱ्या, अंगावर बोटीवरचा जुना निळा कोट. बटणं घासून सोन्यासारखी केलेली. त्याने सामानात दोन सुटकेसी, दुर्बीण आणि धुराचा वास असलेले मासे आणले. आपाने नवा पांढरा रुमाल बांधला होता. मानाचं मेंढ्याचं मुंडकं पाहुण्यांपुढे आलं तेव्हा कुलीपाने तोंड घट्ट मिटून ठेवलं, आणि ते तिला फार जड गेलं. मेलिसने दुवा मागितला. आवाज थोडा कापला, पण चुकला नाही.

शनिवारी सात वाजता फोन वाजला, आणि फक्त गिऱ्हाईकासाठी वाजला. मग पुन्हा वाजला, मग पुन्हा. कुलीपा गाड्या नाचवत होती. तोक्तोसुन एक कलिंगड घेऊन आला आणि म्हणाला, "मेहुणीला सांगतो, नोकरीचं विसर, गाय घे."

पुढचा आठवडा असाच सुखात गेला. मग भोकातून आपाचा आवाज आला. "कुलीपा, ये जरा." त्या आवाजात लग्नाचं काहीच उरलं नव्हतं.

"तो बोलत नाही," आपा स्वयंपाकघरात कुजबुजली.

"भांडलात?"

"छे! चांगला आहे. लाकडं फोडतो, नळ दुरुस्त केला, बशी धुतो. पण बोलत नाही. जेवताना समोर बसतो आणि सुपाकडे बघतो. मी विचारलं, वारा कसा आहे? म्हणाला, आहे. संपलं! फोनवर तोच माणूस दोन तास..." तिने डोळे पुसले. "आणि खरं सांगू? मलाही सुचत नाही गं. समोर एवढा मोठा माणूस बसलेला, मिशीला शेवया लागलेल्या. त्याच्याशी काय बोलायचं?"

हा हिशोब कुलीपाने धरलाच नव्हता.

उपाय त्या दोघांनीच शोधला. सोमवारी संध्याकाळी कप्तान म्हणाला, "बंदरात जाऊन पहाऱ्याच्या कुत्र्याला खायला घालून येतो," आणि कोट चढवून निघाला. सातला फोन वाजला. पहिल्याच घंटीला पलीकडे उचलला गेला. कुलीपाने रिसीव्हर कानाला लावला.

"साकिश," जाड आवाज म्हणाला, "आज तू हिरवा रुमाल बांधला होतास. मला सांगायचं होतं. समोर सांगता येईना."

"मला कळलं होतं तू बघतोयस," आपा म्हणाली आणि हसली, तेच हसू.

कुलीपाने रिसीव्हर आदळला, मग आकाशाकडे बघून कोणालातरी उद्देशून अशी शिवी दिली की बाल्कनीतलं कबूतर उडालं. पुढचे तीन दिवस कुत्रा रोज जेवला आणि लाईन रोज नऊपर्यंत बिझी. तोक्तोसुन वायरलेसवर ओरडू लागला. मेहुणीने गाय घेतली नव्हती बहुतेक.

चौथ्या दिवशी कुलीपाने कपाट उघडलं. भंगारात गेलेल्या गाड्यांचे, हातात धरायचे दोन वायरलेस तिथे पडून होते. तिने बॅटऱ्या चार्ज केल्या आणि सहा वाजता ते समोरच्या घरात नेऊन टेबलावर आपटले.

"कप्तान-अके, हे वापरता येतं ना?"

कप्तानाने एक उचलून हातात तोलला. त्याचे डोळे उजळले. "आयुष्य गेलं यावर."

"आम्ही पहिल्या चॅनेलवर बोलतो. तुम्ही दुसरा घ्या. तुम्ही बाल्कनीत बसा, दार लावून घ्या. आपा, तुम्ही स्वयंपाकघरात. हे बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. कुत्र्यासाठी मी दुसरं कोणी बघेन. फोनला आजपासून सातनंतर जो हात लावेल, त्याचा हात मी मोडीन."

आपा म्हणाली, असल्या डब्यात मी बोलणार नाही. सात वाजता बाल्कनीचं दार लागलं. डबा खरखरला आणि आतून आवाज आला, "साकिश, साकिश, ऐकू येतंय? मी किनाऱ्यावर आहे. ओव्हर."

आपा डब्याकडे बघत राहिली. तिने रुमाल सारखा केला. मग अंगठ्याने बटण दाबलं. "कुठल्या किनाऱ्यावर, मेल्या? बाल्कनीत आहेस तू. टोपी घाल, वारा आहे."

आणि ती बोलत सुटली.

लाईन मोकळी झाली, ती झालीच. पण साधारण दोन आठवड्यांनी कुलीपाच्या लक्षात आलं की गिऱ्हाईकं आता फोनवर लागतात, गाड्या मात्र लागत नाहीत. सात वाजले की वायरलेसवर सामसूम. "कुबात, कुबात, स्टेशनावर बाई उभी आहे." उत्तर नाही. "कोणी आहे का रे?" कोणी नाही. गाड्या तर खिडकीतून दिसत होत्या, स्टेशनासमोर ओळीने, दिवे विझवून.

शेवटी तिने तोक्तोसुनला गाठलं. तो त्या दिवशी हिशोबाला घरी आला होता.

"अके, तुमचे ड्रायव्हर सात ते नऊ काय करतात? पहिल्या चॅनेलवर एक माणूस सापडत नाही!"

"बघतो. झापतो एकेकाला," तोक्तोसुन म्हणाला आणि टोपी हातात फिरवू लागला.

"आणि तुम्ही? काल मी तुम्हालाही हाक मारत होते. तुम्ही कुठे होतात?"

तोक्तोसुनने दाराकडे पाहिलं. मग भिंतीतल्या भोकाकडे. आवाज खाली आणत तो म्हणाला, "हे बघ कुलीपा, रागावू नकोस. काल दुसऱ्या चॅनेलवर बेइशे-अकेंनी आपाला विचारलं ना, की तरुणपणी तू मला नाही का म्हणालीस... आणि नेमकी माझी बॅटरी गेली. ती काय म्हणाली गं?"